पुरवून खाणे

२०१९च्या मे महिन्यात, कॉलेजला सुटी लागल्यावर, मी आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे अमेरिकेला गेलो होतो. बहीण ऑरेगन राज्यात राहते, पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन गावात. आईचे सारे आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात गेले. पन्नासेक वर्षे तिने मासळी घेतली ती मागील दारी येणाऱ्या कोळणीकडून. टोपली उतरली की माशाचा कल्ला उचलून पाहायचा, कोळंबीचे डोके ढिले झाले आहे का ते चिमटीत धरून पाहायचे, नाक जवळ नेऊन हुंगायचे आणि मग भावाची घासाघीस. हा सोहळा मी लहानपणापासून पाहत आलो. तेव्हा बहिणीने दुकानातून कोळंबीचे पाकीट आणले, तेव्हा आईने ते उलटसुलट करून पाहिले यात नवल नव्हते.

कोळंबी लहान होती, करंगळीच्या पेराएवढी. उकडलेली, सोललेली, गोठवलेली. आई म्हणाली, "अगं, हिला डोकं नाही, साल नाही, वास नाही. ताजी की शिळी ते कळायचं कसं?"

"मागे तारीख असते, आई."

"तारीख कोळंबीची की पिशवीची?"

बहिणीने हसून विषय सोडून दिला. पण आईचे बोट पाकिटावरच्या एका निळ्या लंबवर्तुळावर थांबले होते. त्यात पांढऱ्या रेषेत मासा काढला होता आणि तो मासा म्हणजेच 'बरोबर'ची खूण होती. अशा खुणा करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर लाल शाईने मी किती मासे काढले असतील याची गणती नाही. म्हणून की काय, उत्तर द्यायची जबाबदारी मी आपणहून घेतली. म्हणालो, "शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र आहे ते."

"शाश्वत म्हणजे?"

"म्हणजे, पुढल्या वर्षीही समुद्रात उरावी, अशा बेताने धरलेली."

आईने पाकीट ओट्यावर ठेवले. "हां. म्हणजे पुरवून खातात. मग तसं म्हण की!"

मराठीचा प्राध्यापक म्हणून माझी अशी फजिती याआधीही झालेली आहे. परंतु या वेळी ती मनात रुतून बसली.

*

'शाश्वत' हा शब्द आपण इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून स्वीकारला आणि तो सरकारी परिपत्रकांपासून परीक्षेच्या निबंधांपर्यंत सर्वत्र रुळला. पण आपल्या परंपरेत हा शब्द आला तो आत्म्याच्या, ब्रह्माच्या संदर्भात. जे काळाच्या पलीकडे आहे, ज्याला उत्पत्ती नाही आणि नाश नाही, ते शाश्वत. संसार अशाश्वत आहे हे कीर्तनकारांनी आपल्याला शतकानुशतके सांगितले आहे. आणि हा एवढा थोर शब्द आपण लावला तो कशाला, तर तीन-चार वर्षांत ज्याचे आयुष्य संपते अशा जीवाला पकडून खाण्याच्या उद्योगाला! 'टिकाऊ' म्हणावे तर चप्पल आणि सुटकेस आठवते. 'पुरवून खाणे' मात्र घरातला प्रयोग आहे. त्यात टंचाईची जाणीव आहे, उद्याचा विचार आहे आणि मुख्य म्हणजे खाणाऱ्याने स्वतःच्या हाताला घातलेला आवर आहे. 'शाश्वत' हा वस्तूचा गुण वाटतो; 'पुरवून खाणे' ही माणसाची कृती आहे. ती रोज करावी लागते आणि कोणत्याही दिवशी मोडू शकते.

दुसरा शब्द 'प्रमाणपत्र'. 'प्रमाण' हा आपल्या भाषेतला फार गुंतागुंतीचा शब्द. प्रमाण म्हणजे माप, प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे आदर्शही, जसे प्रमाणभाषा. भारतीय दर्शनांत प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. नैयायिकांनी चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आई कोळणीच्या टोपलीपाशी बसून जे करीत असे, त्यात यातली निदान तीन तरी होती. कल्ला उचलणे हे प्रत्यक्ष. 'काल उधाण होते, म्हणजे आज मासळी अशी असणार' हे अनुमान. आणि 'मावशी म्हणते आजची आहे, म्हणजे आजची' हे शब्दप्रमाण. पाकिटातल्या कोळंबीपाशी पहिली दोन निरुपयोगी ठरली होती. डोके नाही, साल नाही, आणि समुद्र कुठला तेही माहीत नाही. उरला तो फक्त शब्द, आणि तोही न बोलणाऱ्या निळ्या चिन्हाचा. शब्द प्रमाण मानायचा तर तो बोलणारा 'आप्त' हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि जाणलेले जसेच्या तसे सांगणारा हवा, ही नैयायिकांची अट. या निळ्या चिन्हामागचा आप्त कोण?

*

प्रवासाने झोपेचे वेळापत्रक बिघडलेले होते. रात्री दोनला जाग यायची. त्या रात्रींत मी बहिणीच्या लॅपटॉपवर या कोळंबीसंबंधी वाचत बसलो. हे काम माझे नव्हे हे मान्य. पण मूल्यमापनाचा अहवाल हीसुद्धा एक संहिताच असते, आणि संहिता वाचणे हे तर आपले कामच.

पाकिटावरची कोळंबी होती पॅसिफिक महासागरातली गुलाबी कोळंबी, शास्त्रीय नाव पँडॅलस जॉर्डनी. ऑरेगनच्या किनाऱ्यावर तिची व्यापारी मासेमारी १९५७ साली सुरू झाली. डिसेंबर २००७मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेच्या निकषांवर तिला प्रमाणपत्र मिळाले आणि अशी मान्यता मिळालेली ती जगातली पहिली कोळंबी ठरली. अर्ज ऑरेगन ट्रॉल कमिशनचा होता. कौन्सिलची स्थापना १९९७ची. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड ही निसर्गरक्षक संस्था आणि युनिलिव्हर ही तेव्हाची गोठवलेल्या मासळीची बडी खरेदीदार कंपनी, अशा दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या संस्थांनी मिळून ती काढली. १९९९पासून ती दोघींपासून स्वतंत्र झाली. तिच्या जन्मामागे एक आपत्ती आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा, ज्याच्या जिवावर शतकानुशतके माणसे जगली, तो इतका संपला की १९९२मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचे काम एका दिवसात गेले. पुरवून न खाल्ल्याचा तो धडा होता.

निकषांची रचना साधी आहे. तत्त्वे तीन. पहिले, ज्याची मासेमारी करता त्याचा साठा सुस्थितीत आहे काय? दुसरे, ती करताना बाकीच्या जीवसृष्टीचे काय होते? तिसरे, या साऱ्यावर देखरेख करणारी व्यवस्था खरोखर काम करते काय? प्रत्येक तत्त्वाखाली अनेक निर्देशक आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण. कोणत्याही एका निर्देशकात साठच्या खाली गेलात तर नापास. प्रत्येक तत्त्वाची सरासरी ऐंशीच्या वर हवी. आणि साठ ते ऐंशीच्या मध्ये कुठे अडकलात, तर तिथे एक 'अट' लिहिली जाते: अमुक उणीव अमुक मुदतीत भरून काढा. प्रमाणपत्र जास्तीत जास्त पाच वर्षांचे, दरवर्षी फेरतपासणी. तपासणी कौन्सिल स्वतः करीत नाही, वेगळी तपासणी संस्था करते. अहवाल सर्वांना वाचायला खुला असतो आणि त्यावर हरकत घेता येते.

या कोळंबीचे चरित्र मोठे विलक्षण आहे. ती बहुधा नर म्हणून आयुष्य सुरू करते आणि मोठी झाल्यावर मादी होते. हिवाळाभर मादी अंडी पोटाशी घेऊन हिंडते. वसंताच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात. म्हणून नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत मासेमारी बंद. हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. आणखी एक नियम मला फार आवडला. एका पौंडात सरासरी १६०पेक्षा जास्त नग भरता कामा नयेत. जास्त भरले याचा अर्थ कोळंबी लहान, वर्षाच्या आतबाहेरची आहे, तिथून दूर व्हा. हा नियम कळायला पदवी लागत नाही. आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आमची मावशीपण सांगायची, बारकी आलीय, दोन आठवडे थांबा." आपल्याकडेही पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि सरकारी आदेशाच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होड्या पाण्यात लोटायच्या नाहीत ही रीत होतीच.

पण ऑरेगनच्या नियमांतली खरी अडचण वेगळीच होती. समुद्रात कोळंबी किती आहे हे नेमके मोजता येत नाही. कधी अमाप, कधी दुष्काळ. शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा एक अनपेक्षित संबंध हाती आला. कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटी या बंदरावर एप्रिल महिन्यात समुद्राची पातळी खाली असेल, तर त्या वर्षी जन्मलेली पिल्ले चांगली जगतात आणि पुढल्या वर्षी जाळी भरतात. पातळी उतरणे ही वसंतातले वारे आणि प्रवाह वेळेवर फिरल्याची खूण. म्हणजे कोळंबीचे भविष्य कोळंबीत पाहायचे नाही, पाण्याच्या रेषेत पाहायचे. अनुमानप्रमाणाचे इतके सुंदर उदाहरण मला वर्गात कधी देता आले नव्हते. परंतु नुसते अनुमान पुरेसे नाही. वाईट वर्ष आले तर हात कधी आखडायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे लागते. २०१८मध्ये राज्याच्या मत्स्यविभागाने या कोळंबीचा लेखी व्यवस्थापन आराखडा केला.

*

एका शनिवारी आम्ही न्यूपोर्टला गेलो. याक्विना उपसागराच्या काठचे हे मासेमारीचे बंदर. धक्क्याखाली समुद्रसिंह भुंकत पडलेले, आणि पलीकडे दोन्ही बाजूंना लांब दांडे पसरलेल्या कोळंबीच्या नौका. आईला वासानेच बरे वाटले. "आता कुठे समुद्रावर आल्यासारखं वाटलं," ती म्हणाली.

कोळंबीचे जाळे हे बदनाम जाळे आहे. छिद्रे बारीक, त्यामुळे जे हवे त्याबरोबर नको तेही पुष्कळ येते. ऑरेगनमध्येही एके काळी एका ओढीत वर येणाऱ्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी तर निम्म्याहून अधिक भाग नको असलेल्या माशांचा असे, आणि तो बहुतेक मेलेला परत पाण्यात जाई. त्यात रॉकफिशच्या काही जाती होत्या, ज्या फार सावकाश वाढतात. म्हणून २००३पासून जाळ्याच्या गळ्यात गजांची जाळी बसवणे सक्तीचे झाले. कोळंबी गजांमधून मागे जाते, मोठा मासा गजांवर आपटून वरच्या भोकातून बाहेर पडतो. पुढे गजांतले अंतर आणखी कमी करून पाऊण इंचावर आणले गेले. नको असलेल्या माशांचे प्रमाण सात-आठ टक्क्यांवर आले.

तरीही एक मासा सुटेना. यूलकॉन नावाचा, अंगाने बारीक असल्याने गजांमधून तोही मागे जाई. याला तिकडे 'मेणबत्ती मासा' म्हणतात. अंगात इतके तेल की वाळवून वात लावली तर जळतो. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी त्याच्या तेलाचा व्यापार केला, त्या वाटा त्याच्याच नावाने ओळखल्या गेल्या. २०१०मध्ये त्याच्या दक्षिणेकडील समूहाची नोंद अमेरिकेने संकटग्रस्त म्हणून केली. तेव्हा २०१४मध्ये मत्स्यविभागाच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. समुद्राच्या तळाशी अंधार असतो. दिसले तर मासा निसटेल, या कल्पनेने त्यांनी जाळ्याच्या गळ्यातल्या गजांभोवती छोटे हिरवे दिवे लावले. परिणाम उलटाच झाला. यूलकॉन जवळजवळ दुप्पट अडकले. मग तेच दिवे त्यांनी जाळ्याच्या तोंडाशी, तळालगतच्या दोरावर लावले. यूलकॉनचे अडकणे सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले आणि कोळंबी मात्र तेवढीच मिळत राहिली. मच्छीमारांनी हे दिवे कायदा होण्याआधीच लावायला सुरुवात केली. २०१८पासून ते सक्तीचे झाले.

दिवा तोच, जाळे तेच. आत लावला तर मृत्यू दुप्पट, तोंडाशी लावला तर सुटका. आणि हे कळले कसे, तर पहिला फसलेला प्रयोगही त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी, तितक्याच स्पष्ट आकड्यांत छापला म्हणून. मला खरा धक्का बसला तो इथे. कारण फसलेल्या गोष्टीचे काय करायचे असते, याबाबत माझा स्वतःचा अनुभव अगदी वेगळा होता.

*

त्याच्या काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती यायची होती. प्राध्यापक वाचकांना पुढचे निम्मे न सांगताही कळेल. भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या, आणि विद्यार्थी-अभिप्राय समितीची जबाबदारी माझ्याकडे आली. समिती कागदावर चार वर्षे अस्तित्वात होती. तिची बैठक एकदाही झालेली नव्हती. मी तीन रात्री बसून चार वर्षांची इतिवृत्ते लिहिली. तीन वेगवेगळी पेने वापरली. एका सहकाऱ्याने सुचवले की एखाद्या पानावर चहाचा डाग पाडा, खरे वाटेल. तेवढे मी केले नाही, पण हसलो मात्र.

त्या इतिवृत्तांत विषय काय घालायचे हा प्रश्न होता. मला एक मुलगी आठवली. प्रथम वर्षाला होती, आत कुठल्यातरी वाडीतून येई. एकदा स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "सर, अभ्यासिका पाचला बंद होते आणि आमची एसटी सातला असते. आम्ही मुली दोन तास स्टँडवर बसतो." मी 'बघू' म्हणालो होतो. आता तिचे ते वाक्य मला उपयोगी पडले. मी लिहिले: अभ्यासिकेची वेळ वाढवण्याबाबत विद्यार्थिनींच्या सूचनेवर सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले. भाषा निर्दोष होती. समितीतल्या एका सदस्यांनी या नोंदीचे खास कौतुक केले. आम्हाला चांगली श्रेणी मिळाली, फाटकावर फलक लागला. अभ्यासिका पाचलाच बंद होत राहिली. मुलगी पुढे दिसेनाशी झाली. तिने शिक्षण सोडले की कॉलेज बदलले, याची मी चौकशी केली नाही.

न्यूपोर्टहून परतताना गाडीत मला हे आठवले. कोळंबीच्या व्यवस्थेत ऐंशीच्या खालचा गुण म्हणजे एक लेखी उणीव, आणि तिला मुदत. आमच्याकडे उणीव म्हणजे लपवण्याची वस्तू. त्यांच्या कागदावर दोष नोंदवल्यामुळे मासा वाचू शकला. माझ्या कागदावर दोष 'सोडवला' गेल्यामुळे तो कायमचा गाडला गेला. ज्या क्षणी मी 'कार्यवाही करण्याचे ठरले' असे लिहिले, त्या क्षणी त्या मुलीच्या तक्रारीला जगात कुठेच जागा उरली नाही.

*

याचा अर्थ ते निळे चिन्ह पवित्र आहे असा मुळीच नाही. वाचू लागलो तशा शंकाही वाढल्या. तपासणी संस्थेचे शुल्क देतो तो अर्जदारच. परीक्षार्थ्याने परीक्षकाचे मानधन द्यावे असा हा प्रकार, आणि त्यावर पर्यावरण संस्थांनी वेळोवेळी टीका केली आहे. ऑरेगनच्या चिखलाळ तळावर शास्त्रज्ञांनी कॅमेरे उतरवून पाहिले तेव्हा, जिथे जाळी वारंवार ओढली जातात तिथे काठीसारखे उभे वाढणारे समुद्रजीव विरळ झालेले आढळले. म्हणजे पुरवून खाल्ले तरी खाल्ल्याची खूण राहतेच. तीन तत्त्वांत माणसाच्या श्रमाला तर जागाच नाही. वेठबिगारीबद्दल शिक्षा झालेल्या कंपन्यांना अपात्र ठरवण्याचे धोरण २०१४मध्ये आले, पण ज्या हातांनी जाळे ओढले त्यांना काय मिळाले हे ती 'बरोबर'ची खूण सांगत नाही. आणि तपासणीचा खर्च? ट्रॉल कमिशनला तो झेपतो. आमच्या खाडीत पाग टाकणाऱ्या माणसाने अर्ज कुठून करायचा? भारतात अशी मान्यता प्रथम मिळाली ती २०१४मध्ये, केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना; आणि तीही संशोधन संस्थांचे पाठबळ लाभले म्हणून.

शिवाय कोळंबीचे प्रमाणपत्र हे आपल्याकडे हत्यार म्हणूनही आले आहे, हे विसरता येत नाही. जाळ्यात अडकून समुद्री कासवे मरतात म्हणून अमेरिकेने १९८९मध्ये कायदा केला, की कासव निसटेल अशी सोय ज्यांच्या जाळ्यांत आहे त्याच देशांची कोळंबी घ्यायची. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८च्या निकालाने सांगितले की कासव वाचवण्याचा हेतू योग्य आहे, पण तो ज्या रीतीने लादला गेला ती रीत पक्षपाती आहे. पुढे २०१९मध्ये भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेची दारे पुन्हा बंद झाली. इकडे आमच्याच जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात, पिल्ले हातांनी समुद्रापर्यंत पोचवतात. त्यांच्या या राखणीला कोणत्या रकान्यात गुण द्यायचे? प्रमाण ठरवणारा नेहमी दुसरा असतो आणि त्या प्रमाणात बसायचे आपण असतो. प्रमाणभाषेच्या वादात आपण जे भोगले, त्याचीच ही समुद्रातली आवृत्ती.

हे सगळे खरे आहे. परंतु या शंका मी कशाच्या बळावर घेत होतो? त्या बऱ्याचशा त्याच उघड्या अहवालांच्या आणि शोधनिबंधांच्या आधारावर. तळाचे नुकसान मोजणारे शास्त्रज्ञ त्याच किनाऱ्यावरचे होते. ज्या कागदात त्याच्यावर टीका करायला पुरेसे साहित्य असते, तो कागद निदान वाचण्याच्या लायकीचा असतो. माझ्या इतिवृत्तांवर टीका करणे कुणालाच शक्य नव्हते. त्यांत काहीच चुकलेले नव्हते.

*

परत आलो, वर्ग सुरू झाले. मग महासाथीत दोन वर्षे गेली. त्यानंतर पुढच्या फेरीचा अहवाल लिहायची वेळ आली आणि अनुभवी म्हणून मलाच बोलावले गेले. उणिवांच्या रकान्यात आपल्याकडे सहसा 'ग्रामीण भागामुळे औद्योगिक संपर्काच्या मर्यादा' असले बिनधोक वाक्य असते. मी लिहिले: अभ्यासिका सायंकाळी पाचला बंद होते, दूरच्या विद्यार्थिनींना शेवटच्या गाडीपर्यंत थांबायला जागा नाही, याची तक्रार पूर्वी आली होती आणि तिच्यावर काही झाले नाही. प्राचार्यांनी मसुदा वाचला. म्हणाले, "सर, हे लिहायलाच हवं का?" मी म्हणालो, "लिहू नये असं वाटत असेल, तर समिती यायच्या आत अभ्यासिका उघडी ठेवू." वाक्य कापले गेले. पण अभ्यासिका आता पावणेसातपर्यंत उघडी असते. शिपायाला थांबवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही तिघे-चौघे पाळीने थांबतो. कधी एखाद्याची पाळी चुकते, त्या दिवशी कुलूप लागते. जुन्या इतिवृत्तांची कबुली मात्र मी अजून कुठेच लेखी दिलेली नव्हती. ती इथे दिली आहे.

आईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. कल्ल्याचा लाल रंग तिला नीट दिसत नाही. कोळणीची सून येते हल्ली, टोपलीऐवजी स्कूटरवर प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन. परवा मी गावी होतो. आईने विचारले, "कोळंबी आजची आहे का गं?"

ती क्षणभर थांबली. म्हणाली, "वरची आजची. खालची कालची आहे, काकी. बर्फात होती. ती घेऊ नका."

आईने वरची घेतली. पाऊणच किलो. आणि नेहमीसारखी चार घरांना पुरेल अशा बेताने वाटली.